रत्नाच्या डोळ्यातली बाहुली

इकडे ये सुजू, अशी जवळ येऊन बस. एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून दारातूनच ऐकायची तुझी सवय मला माहीत आहे. हातातला मोबाइल आधी खाली ठेव. रविवारी फोनवर तू जे बोललीस त्याचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही, कारण रागात मी भलतंच बोलून बसते. म्हणून लिहायला बसले. तू तिकडे बंगलोरला असलीस तरी माझ्या ओट्यावर बसल्यासारखी वाच, आणि मधेच उठून जाऊ नकोस.

तू म्हणालीस, "मावशी, आईचं घर रिकामं करून टाक. सामान कबाडीवाल्याला दे. ते फोटोसुद्धा दे. मला आईचा चेहराच डोळ्यासमोर येत नाही. सगळे म्हणतात, आई डोळ्यासमोरून हलत नाही, आणि माझ्या तर एकदाही येत नाही. स्वतःच्या आईचा चेहरा जिला आठवत नाही तिचा काय हक्क त्या फोटोंवर? आत्या बरोबर बोलली. मी दगड आहे." आणि फोन ठेवलास.

तुझ्यावर राग आला. तुझ्या आत्यावर त्याहून जास्त आला. पण सगळ्यात जास्त कशावर आला असेल तर त्या शब्दावर. डोळ्यासमोर! हा मेला शब्द तुझ्या आईच्या मागे जन्मभर लागला होता. ती गेली तर आता तुझ्या मागे लागला. तुझी आई कोण होती हे तुला अर्धंच माहीत आहे, पोरी. दहावी झाली आणि तू होस्टेलला गेलीस. शेजारीण म्हणून भिंतीला भिंत लावून तिच्याबरोबर जगले मी.

बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची रत्ना. गळ्यात चष्म्याची दोरी, समोर पाण्याची बाटली, आणि तोंडात सगळ्या जिल्ह्याच्या गाड्या. दर्यापूरची कधी, नांदगाव खंडेश्वरची कुठे लागते, परतवाड्याची गेली का, कोणी काहीही विचारो, बाई फळ्याकडे मान वळवत नसे. एकदा एका नव्या मास्तरांनी म्हटलं, "बाई, जरा पाहून सांगा ना." तिने काचेतून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "पाहाले काय हाय त्यात? ठाऊक हाय मले."

हे तिचं वाक्य. भाजीत मीठ किती, तुझी परीक्षा कधी, गॅस कधी संपेल, कशालाही तेच. ठाऊक हाय मले. बोलायची तीही रागानेच. तुझ्या आईला साधं बोलताच येत नव्हतं गं. "चहा घे" सुद्धा अशी म्हणायची की समोरच्याला वाटावं, आपण काही चोरून चाललोय.

घराला रंग द्यायचा होता तेव्हाची गोष्ट तुला आठवत असेल. रंगवाल्याने रंगांचं पुस्तक पुढे केलं आणि म्हणाला, "काकू, हा मोतिया पाहा, आता डोळे मिटून सगळ्या हॉलला लावून पाहा बरं." रत्ना म्हणाली, "डोये मिटून कसा पाहू? भिंतीले लाव, मंग सांगीन." त्याने एक पट्टा लावला. नाही आवडला. दुसरा लावला. तोही नाही. शेवटी हॉलची भिंत गोधडीसारखी झाली, निळा, पिस्ता, बदामी, गुलाबी, आणि रंगवाला पळून गेला. तेव्हापासून ती तशीच राहिली, आणि तुमच्याकडे पाहुणे ती पाहून हसायचे. वामनराव मात्र मजेत सांगायचे, "आमच्या घरी सगळे रंग आहेत. ज्याला जो आवडेल त्याने त्याच्या समोर बसावं." भला माणूस होता तुझा बाप.

आणि तिची ती नजर! कोणी जायला निघालं की रत्ना फाटकात उभी राहायची आणि टक लावून पाहत राहायची. हात हलवणं नाही, "सांभाळून जा" नाही. नुसती बघायची, पापणी न पाडता. गल्लीतल्या नव्या सुना घाबरायच्या. एक तर आपल्या पोराला रत्नाच्या फाटकापुढून नेताना पदराखाली घ्यायची. मी रत्नाला बोलले होते, "अवं, अशी काय पाहतेस, दरोडेखोर पकडल्यासारखी?" तर म्हणाली, "पाहू नोको तं काय करू? माणूस चाललं नं."

तू पहिल्यांदा होस्टेलला निघालीस तो दिवस आठव. बॅग रिक्षात ठेवली. ती जवळ आली नाही. फाटकाला हात टेकून उभी राहिली आणि तुला डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळत राहिली, मग परत पायापासून वर. तू वैतागून म्हणालीस, "आई, काय चुकलं ते सांगून टाक ना एकदाचं! ड्रेस बरोबर नाही का?" ती म्हणाली, "काई नाई चुकलं. जा." रिक्षात तू रडलीस. मला तूच पुढे सांगितलंस, "मावशी, आईला मी कधीच पसंत पडले नाही." तेव्हा मला तुला सांगायला काहीच माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

फोटोंचं तर विचारूच नको. तुझे सगळ्या वर्गांतले फोटो, दात पडलेला, वेणी विस्कटलेला, सगळे भिंतीवर. वामनराव गेले आणि मग तर घरच फोटोंचं झालं. एक मसाल्याच्या फळीवर, एक फ्रिजवर, एक पर्समध्ये, एक कामावर खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं तरी आतून वामनराव बघायचे. मी म्हटलं, "रत्ने, ते तांदूळ निवडून देणार आहेत का?" हसली नाही.

वामनराव गेले तेव्हा घरात बायका बसल्या होत्या. तुझी आत्या, पंचफुलाबाई, तेल्हाऱ्याहून आली होती. ती छाती बडवून म्हणत होती, "माह्या भाऊ डोयासमोरून हालत नाई वं माय!" मग दुसरी तेच, तिसरी तेच. रत्ना भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसली होती. हळूच माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "कमल, या साऱ्या असं कायले म्हनून राहिल्या?" मला वाटलं, धक्का बसलाय. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने तो झटकला.

मग पंचफुलाबाईची नजर त्या फोटोंवर गेली. भरल्या घरात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली, "फोटो पाहाले लागते हिले! मनात असता माह्या भाऊ, तं भिंतीवर कायले लागला असता?"

हे वाक्य मी आजपर्यंत कोणाला माफ केलेलं नाही. बोलणारीला नाही, आणि ऐकून माना डोलावणाऱ्या बायकांनाही नाही. एरवी रत्नाने तिला तिथल्या तिथे फटकारलं असतं, पण आपल्यात काय वेगळं आहे हे तिला स्वतःलाच कुठे माहीत होतं!

ते कळलं कसं, ते ऐक. इथल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारी अर्शिया मॅडम आहे, अकोल्याची पोट्टी, बापाचं गादी-रजईचं दुकान. ती आमच्या बुद्धविहारात बायकांच्या बैठकीला आली आणि म्हणाली की माणसं मनात चित्रं कशी बघतात याचा अभ्यास चालू आहे. डोळे कुठे फिरतात आणि मेंदूत काय हालचाल होते ते यंत्रावर टिपायचं. वयस्कर बायका हव्यात. दुखत नाही, सुई नाही. चहा-नाश्ता मिळेल. मी नाव दिलं आणि रत्नाचंही देऊन टाकलं.

आधी मी बसले. हनुवटी एका टेकूवर, समोर पडदा, पडद्याखाली डोळे बघणारा छोटा कॅमेरा. डोक्यावर पोहण्याची असते तशी टोपी, तिला वायरच वायर, आणि प्रत्येक वायरीखाली केसांत गार गार चिकट जेल. अर्शिया म्हणायची, "आंटी, आता डोळ्यासमोर सूर्य आणा, दुपारचा." मी आणला. "आता अंधारी खोली आणा." तीही आणली. सोपं होतं. मला वाटलं, यात शिकण्यासारखं काय आहे, हे तर कोणालाही येतं.

मग रत्ना बसली. मी दाराजवळच्या खुर्चीत. ती कालच डोक्यावरून न्हाली होती म्हणून जेलवरून आधी एक भांडण झालं. मग अर्शिया म्हणाली, "डोळ्यासमोर सूर्य आणा."

रत्ना म्हणाली, "कोठून आनू?"

"मनात आंटी, मनात."

"मनात कोठी हाय सूर्य?"

मला हसू आलं. अर्शियाही हसली, मग हसायची थांबली. परत समजावून सांगितलं. परत तेच. तेवढ्यात त्यांच्या विभागाचे मोठे सर आत आले. त्यांनी कॉम्प्युटरवर वाकून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"यांचं तर काहीच येत नाहीये. लक्ष नाही यांचं. इतक्या वयाच्या लोकांना आणू नका म्हटलं होतं मी. काढून टाका हे."

रत्ना टोपीखालून म्हणाली, "काय काढून टाका? मले?"

"तुमची नोंद, आजी."

"आजी कोनाले म्हनता? तुमी माह्यापेक्षा चार वर्सानं लहान असान तं लय झालं."

सर हसले. ते गोड हसू असतं बघ, समोरच्याला मूर्ख ठरवणारं. म्हणाले, "आजी, सोपं आहे हो. लहान मुलंसुद्धा करतात. उगाच दिसत नाही असं खोटं सांगायची गरज नाही. प्रश्न समजला नसेल तर तसं सांगा."

खोटं! सुजू, जिने जन्मभर त्या खिडकीत बसून एका माणसाला चुकीची गाडी सांगितली नाही, तिला खोटं म्हणाला तो माणूस. तिला जे दिसत नव्हतं ते तिने दिसत नाही म्हणून सांगितलं, एवढाच तिचा गुन्हा. दिसतं म्हणून थाप मारली असती तर तिची नोंद राहिली असती, चहा-नाश्ता मिळाला असता आणि सरही खूश झाले असते.

मला वाटलं आता रत्ना कडाडणार. पण ती माझ्याकडे वळली. टोपीच्या वायरी ताणल्या गेल्या, अर्शिया "आंटी, आंटी" करत धावली. रत्नाने कधी नव्हे इतक्या हळू आवाजात मला विचारलं, "कमल, तुले दिसते? खरंच दिसते?"

"दिसते नं."

"म्हंजे, पाहिल्यावानी?"

"अगदी पाहिल्यासारखं नाही, जरा पुसट. पण दिसतं की."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मले आजलोक वाटे, तुमी सारे असंच म्हंता. बोलाची रीत हाय म्हून. जीव टांगला म्हंतो, तं काय खरंच टांगतो का आपून? तसं."

तिने टोपी स्वतःच्या हाताने काढली. केसांतलं जेल कपाळावर ओघळत होतं. सरांच्या समोरून चालत गेली ती सरळ रस्त्यावर.

आमची रिक्षा पंचवटी चौकाच्या पुढे आली आणि रत्ना एकदम माझ्यावर उसळली.

"सांग. हे दिसते तुले? सुजूचे बाबा?"

"आता?"

"आता. आत्ता, या रिक्षात."

मी डोळे मिटले. "दिसतात."

"कोनत्या शर्टात?"

"पांढरा. बाह्या दुमडलेल्या. खिशात पेन, आणि त्याचा निळा डाग."

"हसून राहिले का?"

"हसतायत."

ती ओरडली. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. "माह्या नवरा तुले दिसते, अन मले नाई! वा रे वा! तिसेक वर्सं मी रांधून घातलं, अन पिच्चर पाहाले शेजारीन!"

मला हसावं की रडावं कळेना. ती मात्र हसत नव्हती. घरी पोचेपर्यंत ती एकेकाला शिव्या देत होती. सासूला, जी म्हणायची की हिला माहेरची आठवण येत नाही. पंचफुलाबाईला. विहारात भंते म्हणायचे, "बुद्धाची शांत मूर्ती डोळ्यासमोर आणा", आणि आम्ही सगळ्या जणी आणून बसायचो, त्यांनाही. "मी तिथी डोये मिटून अंधारात बसत जाओ, अन तुमच्या तिथी दिवे लागले होते! कोनी सांगतलं नाई मले!"

कोणी सांगणार कसं? आम्हाला वाटत होतं सगळ्यांनाच दिसतं. तिला वाटत होतं कोणालाच नाही. एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी, आणि कोणी कोणाला कधी विचारलंच नाही.

पुढचे कितीतरी दिवस सकाळी भिंतीवरून तिचा आवाज यायचा. "कमल, ये इकडे. सांग." आणि मी सांगायची. वामनराव सायकलला टांग कशी मारायचे. जेवताना पाटावर कसे बसायचे. ती म्हणायची, "हे तं ठाऊक हाय मले. पन तुले आता दिसून राहिलं का?" मी हो म्हणायची. ती तोंड फिरवायची. उपाशी माणसाला जेवणाचं वर्णन करून सांगावं तसं वाटायचं मला. पण तिनेच मागितलं तर नाही कसं म्हणू?

एक दिवस अर्शिया घरी आली, एकटी. रत्नाने तिला फाटकातच अडवलं. "सरानं पाठोलं का?"

"नाही आंटी. सर को तो मालूम भी नहीं. माफी मांगायला आलीये."

"माफी त्यानं मांगाले पाहिजे."

"हो. पण तो येणार नाही, म्हणून मी आली."

हे उत्तर रत्नाला पटलं. फाटक उघडलं. "चहा घेशीन?" नेहमीच्याच आवाजात विचारलं, तरी अर्शिया घाबरली नाही.

चहा पिता पिता ती म्हणाली, "आंटी, तुमची नोंद मी काढली नाही. तुम्ही खोटं नाही बोलल्या, ते मशीनवर दिसतंय. कमल आंटींनी सूर्य आठवला तेव्हा त्यांची बाहुली लहान झाली. तुमची झाली नाही."

रत्ना म्हणाली, "बाहुली? इथी काय बाहुलीचं लगन लावून राहिली का तू?"

अर्शिया खळखळून हसली. मग मोबाइलचा टॉर्च लावून माझ्या डोळ्यावर धरला आणि रत्नाला जवळ बोलावलं. डोळ्याच्या मधला तो काळा ठिपका, ती बाहुली. उजेड पडला की लहान होते, अंधार झाला की मोठी. ते आपल्या हातात नसतं, ठरवून करता येत नाही. पण ज्याला मनात चित्र दिसतं त्याने नुसता सूर्य आठवला तरी बाहुली जराशी आकसते, खरा उजेड पडल्यासारखी. मेंदूच्या लहरींतही तसंच काहीसं होतं, माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला झालं, जिथे बघायचं काम चालतं. रत्नाच्यात जवळपास काहीच नाही. "खऱ्या उजेडाला तुमची बाहुली एकदम बरोबर चालते," अर्शिया म्हणाली. "फक्त आठवलेल्या उजेडाला हलत नाही. तुम्ही जे सांगितलं तेच तुमचा डोळा सांगतोय. एका माणसावरून मी मोठं बोलणार नाही, पण असे लोक असतात आंटी. बरेच असतात. कित्येकांना आयुष्यभर कळत पण नाही."

आणि दुसरी एक गोष्ट सांगितली. त्या दिवशी सूर्याच्या आधी आम्हाला बाजाराचं एक चित्र दाखवलं होतं आणि मग कोरा पडदा ठेवून विचारलं होतं, छत्री कुठे होती, कुत्रा कुठे बसला होता. कोऱ्या पडद्यावर रत्नाचे डोळे त्या त्या जागी गेले होते. चित्र दिसत नसतानाही. माझ्यापेक्षाही नीट गेले होते, म्हणे.

"म्हंजे चित्र नाई, पन जागा हायेत," रत्ना म्हणाली.

"हां. बरोबर."

रत्नाने कप खाली ठेवला. "मंग हे सांग पोरी. मी माह्या नवऱ्यावर जीव लावला का नाई, ते दिसते का तुह्या मशीनमंधी?"

अर्शियाने तिच्याकडे नीट पाहिलं. "नाही आंटी. मशीनला ते येत नाही."

"मंग मशीन बरी हाय तुमची. येत नाई तिथी गप तं बसते. तुह्या सरापेक्षा अक्कल हाय तिले."

निघताना अर्शिया बोलता बोलता म्हणाली की हे कधी कधी एका घरात दोघांना असतं, आईला, मुलीला. रत्नाचा चेहरा उतरला. अर्शिया गेल्यावर रत्ना माझं मनगट धरून म्हणाली, "सुजूले सांगू नोको." मी म्हटलं, का? तर म्हणाली, "तिले दिसत असन तं दिसू दे. नसन दिसत तं तिले ठाऊक नाई, ते बरं हाय. मले कसं वाटून राहिलं तुले माईत हाय नं? तसं तिले नाई वाटाले पाहिजे."

मी शब्द दिला होता. आज तो मोडतेय. मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. तू स्वतःला दगड म्हणालीस तेव्हाच तो शब्द संपला.

पंचफुलाबाईची परतफेड रत्नाने कशी केली ते तुला कोणी सांगितलं नसेल. तुझ्या चुलतभावाच्या लग्नाला आम्ही दोघी तेल्हाऱ्याला गेलो होतो. मांडवात जेवणं झाली, बायका पान खात बसल्या, आणि पंचफुलाबाईने तीच टेप लावली, भाऊ डोळ्यासमोरून हलत नाही. रत्ना उठून तिच्या समोर जाऊन बसली.

"बाई, डोये मिटा. दिसते का भाऊ?"

"दिसते नं! का नाई दिसन?"

"डोक्यावर केस हायेत का?"

"हायेत की. काये, कुरये."

"तो त्यायच्या लग्नातला फोटो हाय बाई. तुमच्या घरी लागेल हाय नं, तोच. पुढं टक्कल पडलं होतं त्यायले. पडल्यावर तुमी कितीक वेळा आल्या भेटाले?"

रत्ना थांबली नाही. "मले नाई दिसत. घ्या, आज सांगतलं. कधीच दिसले नाईत. पन घरात शिराच्या आंधी ते खोकलत, ते ठाऊक हाय मले. डाव्या चपलेची टाच आंधी घासे. तापात पाय बाहेर काढून झोपत. मले इचारा, रात उजाडन सांगता सांगता. भिंतीवर फोटो लावतो, लावीन. तुमच्या बापाचं काय जाते?"

तुला वाटेल, पंचफुलाबाई वरमली असेल. कसली! पदर झटकून म्हणाली, "नाटकं हायेत सारी," आणि वाढप्याला पाणी मागितलं. असली माणसं वरमत नाहीत. पण परत येताना बसमध्ये रत्नाने शेंगदाण्याची पुडी घेतली आणि मला न विचारता अर्धी दिली. तिच्या हिशेबाने तो आनंदाचा दिवस होता.

शेवटची पाहिली ती बसस्टँडवरच. रिटायर होऊन काही वर्षं झाली होती. भाचीच्या बाळाच्या बारशाला अकोल्याला चालली होती, तिथे चार दिवस राहणार होती. मी पोचवायला गेले. तिच्या जुन्या खिडकीत नवी पोरगी बसली होती, प्रत्येक गाडीला फळा बघत होती. रत्ना दुरूनच पुटपुटली, "पाहून सांगून राहिली, पाह्य." गाडी लागली. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. मी खाली उभी. आणि तिने सुरू केलं, टक लावून बघणं. माझं कपाळ, माझा चष्मा, माझी जुनी चॉकलेटी साडी. पापणी हलेना.

मी चिडून म्हटलं, "अवं, काय पाहून राहिली एवढी?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने खरं उत्तर दिलं. "पाहून घेऊन राहिली. मंग दिसत नाई न."

फाटकातली ती उभी राहणारी रत्ना, घाबरलेल्या सुना, रिक्षात रडणारी तू, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. मला येतं ना, माझं मेलीचं लगेच येतं. गाडी हलली तशी मी ओरडले, "सोमवारी दिसीनच नं मी तुले!"

खिडकीतून आवाज आला, "ठाऊक हाय मले!"

सोमवारी ती आली नाही. भाचीच्या घरी पहाटे छातीत दुखलं आणि अकोल्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

आता तुझं सांगते. तू विमानाने आलीस, नागपूरहून गाडी करून. तिला अंगणात ठेवलं होतं. तू तिच्या उशाशी बसलीस आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलीस. कपाळ, भुवया, हनुवटीवरचा तीळ, परत कपाळ. पापणी न पाडता. पंचफुलाबाई माझ्या मागे उभी राहून म्हणाली, "पाहा, डोयात टिपूस नाई. मायवानीच दगड." तुला ऐकू गेलं हे तुझ्या मानेवरून मला कळलं. तू तिसऱ्या दिवशी गेलीस ती परत आली नाहीस.

पण मी तुझ्याकडे बघत होते, सुजू. ती नजर मी ओळखते. फाटकातून, खिडकीतून, आयुष्यभर माझ्यावर रोखलेली नजर होती ती. तू पाहून घेत होतीस. मंग दिसत नाही म्हणून.

तेव्हा त्या बाईने जो शब्द टाकला तो उचलून कपाळाला लावू नकोस. चेहरा दिसत नाही, नको दिसू दे. पण तुझी आई पोळी उलटताना कोणती बोटं वापरायची? रागावली की आधी काय उचलून आपटायची? दार कसं वाजवायची? बघ, येतंय ना? तेच. ते तुला ठाऊक आहे.

आणि कबाडीवाला आला होता, तूच पाठवलेला असशील. मी त्याला फाटकातूनच हाकलला. एकही फोटो हललेला नाही. तांदळाच्या डब्यातलेसुद्धा वामनराव आहेत, पोरके झाले तरी हसतात मेले. रत्नाचा स्वतःचा फोटो मात्र त्या घरात एकही नाही, तुझ्या लक्षात आलं का? ती सगळ्यांचे लावत बसली. माझ्याकडे आहे एक, विहारातल्या सहलीचा. रागावलेलीच आहे त्यात. मोठा करून घेतलाय आणि हॉलमध्ये त्या गोधडीच्या भिंतीवर, पिस्त्या रंगाच्या पट्ट्यावर लावलाय. तो पट्टा तिला त्यातल्या त्यात बरा वाटायचा.

किल्ली माझ्याकडे आहे. लवकर येजो, बाई. फोटो तू बघ, बाकीचं मी सांगते, रिक्षात तुझ्या आईला सांगितलं तसं, मला अजून सगळं दिसतं. आणि परत जायला निघशील तेव्हा मी फाटकात उभी राहून तुझ्याकडे टक लावून पाहणार आहे, तिच्या वाटचं. तेव्हा चिडू नकोस. काय चुकलं म्हणून विचारू नकोस. नीट उभी राहा, आणि पाहू दे.